संगणक शिकवणारा माणूस आणि आपले शेत

(पुणे येथे भरलेल्या शेतकरी मेळाव्यात, अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या संगणकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी दिलेले व्याख्यान. वाचकांच्या सोयीसाठी थोडे संक्षिप्त करून देत आहोत. – संपादक)



या मेळाव्यात मी कशावर बोलणार हे कळल्यावर माझ्या धाकट्या भावाला हसू आले. तो पुरंदर तालुक्यात आमची अंजिराची बाग सांभाळतो. तो म्हणाला, "दादा, लोक मेळाव्याला येतात ते खट्टा बहार धरावा की मीठा, तांबेऱ्यावर कोणते औषध घ्यावे, हे ऐकायला. त्यांना तू संगणकाच्या मास्तरांची गोष्ट सांगणार?"

मी म्हटले, "तुझ्याच बागेमुळे सांगणार आहे."

झाले होते असे. भावाने ठिबकला स्वयंचलित यंत्रणा बसवली. जमिनीत ओलावा मोजणारा सेन्सर, बांधावर एक पेटी आणि विजेवर उघडझाप करणारे व्हॉल्व्ह. पहिला उन्हाळा उत्तम गेला. दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या उन्हात, मीठा बहार झाडावर असताना, व्हॉल्व्ह उघडेनात. कंपनीला फोन केला. "माणूस पाठवतो" म्हणाले. माणूस आला नवव्या दिवशी. पहिले दोन दिवस घरातली सगळी माणसे त्या पेटीकडे नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी भावाची मुलगी, जिची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, ती पेटीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका घेऊन बांधावर बसली. तिला आढळले की सेन्सरची वायर उंदराने कुरतडली आहे, त्यामुळे पेटीला माती कायम ओलीच दिसते आहे. तिने पेटी हातचालू पद्धतीवर टाकली आणि व्हॉल्व्ह उघडले. वायर काही तिला जोडता आली नाही. ती नवव्या दिवशी कंपनीच्या माणसाने जोडली, बिलासकट.

मुलगी हुशार आहे हे सांगण्यासाठी मी ही हकीकत सांगत नाही. तिच्या शाळेत प्रयोगशाळा होती आणि सातवीत असताना तिने असाच एक सेन्सर हातात धरलेला होता, एवढाच फरक. पेटी भावाची, पैसे भावाचे, बाग भावाची. पण पेटीतले कळत होते ते कंपनीच्या माणसाला. जे यंत्र आपण शिकलो नाही ते विकत घेतले तरी परक्याचेच राहते. आज ज्या शिक्षकाबद्दल मला बोलायचे आहे त्यांचे आयुष्य याच गोष्टीभोवती फिरले. फक्त त्यांच्या वेळी पेटी होती महासंगणकाची आणि नवव्या दिवशीसुद्धा कोणी येणार नव्हते.

मुरंबा ते दिल्ली

डॉ. विजय भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ रोजी अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातील मुरंबा या खेड्यात झाला. गावाचे नाव बरणीतल्या मुरंब्यासारखे असले तरी मुलूख काळ्या मातीचा आणि कपाशीचा आहे. तेथून ते नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात गेले, १९६५ मध्ये अभियंता झाले, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातून १९६८ मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली आणि दिल्लीच्या आयआयटीतून १९७२ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९७२ म्हटले की आपल्याला वेगळेच आठवते. खडी फोडणारी माणसे, सुकडी आणि पाण्याच्या रांगा. माझे वडील त्या वर्षी दुष्काळी कामावर होते. त्याच वर्षी विदर्भातल्या खेड्यातला एक तरुण दिल्लीत आपले संशोधन पुरे करत होता, याचे मला अजून नवल वाटते.

त्यांचा मूळ विषय होता नियंत्रणशास्त्र. हा शब्द जड वाटला तरी त्यातला मुद्दा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. रात्री दारे धरणारा माणूस काय करतो? सरीत पाणी सोडतो, बॅटरीच्या उजेडात पाणी कुठवर गेले ते पाहतो, मनाशी अंदाज बांधतो आणि फावड्याने दारे मोडून पाणी पुढच्या सरीला लावतो. पाहणे, ठरवणे, करणे आणि जे केले त्याचा परिणाम पुन्हा पाहणे. एवढे चक्र पुरे झाले की नियंत्रण झाले. घरातल्या फ्रिजपासून साखर कारखान्याच्या बॉयलरपर्यंत आणि यंत्रमानवापासून अग्निबाणापर्यंत सारे याच चक्रावर चालते.

यात एक खोच आहे. अनुभवी माणूस पाणी सरीच्या शेवटाला पोचेपर्यंत थांबत नाही. थोडे अंतर राहिले असतानाच तो दारे मोडतो, कारण सरीतले पाणी पुढे सरकणारच असते. नवखा गडी शेवटाला पाणी दिसेपर्यंत थांबतो आणि बांध फुटतो. केलेल्या कृतीचा परिणाम उशिरा दिसतो. तो उशीर धरून आधीच निर्णय घेणे, हे शिकवायला आम्हाला महाविद्यालयात आठवडे लागतात आणि फळा भरून गणिते लिहावी लागतात. मी वर्गात हे उदाहरण फार उशिरा देऊ लागलो. त्याकडे पुढे येतो.

डॉ. भटकरांनी याच विषयावर जर्मनीतील ब्रेमेन विद्यापीठाचे प्रा. पोपोविच यांच्यासह १९९० मध्ये एक मोठा ग्रंथ लिहिला. कारखान्यांतली यंत्रे संगणकाने कशी चालवावीत, हा त्याचा विषय. १९९४ मध्ये त्याच दोघांचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांवर दुसरा ग्रंथ आला. आज ज्या कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा चावडीवरही ऐकू येते, तिच्यावर पुण्यात राहणारा एक मराठी माणूस त्या काळी पाठ्यग्रंथ लिहीत होता.

नकार आणि तीन वर्षे

१९८० च्या दशकात भारताला महासंगणक हवा होता. हवामानाचा अंदाज हे त्याचे एक मोठे कारण होते. असे संगणक अमेरिकेतील क्रे या कंपनीचे असत. हवा होता तेवढ्या शक्तीचा संगणक देण्यास अमेरिकी सरकारने नकार दिला. त्याचा वापर शस्त्रांसाठी होईल अशी त्यांना शंका होती. हवामानाच्या कामापुरता एक कमी शक्तीचा संगणक त्यांनी अटी घालून दिला आणि तो दिल्लीत बसला. तेव्हा सरकारने ठरवले की आपण आपला बांधू. त्यासाठी १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, ही संस्था सुरू झाली. डॉ. भटकर तिचे संस्थापक कार्यकारी संचालक झाले. तोवर ते केरळात तिरुवनंतपुरम येथे इलेक्ट्रॉनिक्स संशोधनाचे काम पाहत होते. मुदत मिळाली तीन वर्षांची. पुणे विद्यापीठाच्या आवारात, गणेशखिंडीला, काम सुरू झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

हे कसे जमले ते समजून घेण्यासारखे आहे. क्रेची रीत अशी की एकच प्रचंड वेगाने चालणारा गणकयंत्राचा मेंदू बनवायचा. तो बनवण्याचे तंत्र आपल्याकडे नव्हते आणि मिळणारही नव्हते. मग सी-डॅकने बाजारात सहज मिळणारे छोटे मेंदू घेतले, ज्यांना ट्रान्सप्युटर म्हणत, आणि असे अनेक एकत्र जोडून एकच काम त्यांच्यात वाटून दिले.

एक एकर कपाशीची खुरपणी एकट्या बाईला दहा दिवस पुरते असे धरा. दहा बायका लावल्या तर एका दिवसात व्हावी. हिशोब सोपा आहे, पण ज्याने रोजगार लावून खुरपणी करून घेतली आहे तो हसेल. कोणाला कोणती पात द्यायची? एकीची पात गवताने गच्च आणि दुसरीची मोकळी असेल तर दुसरी बांधावर बसून राहते. पाणी एकाच ठिकाणी ठेवले असेल तर सगळ्या तिथे जमतात. माणसे वाढवली म्हणजे काम तितक्याच पटीने लवकर होते असे नाही. काम वाटून देण्यात आणि एकमेकींची वाट पाहण्यात वेळ जातो. शिवाय काही कामे वाटताच येत नाहीत. ऊस तोडायला पन्नास कोयते लावता येतात, पण पन्नास माणसे लावून बारा महिन्यांचा ऊस महिन्यात पिकवता येत नाही.

'परम'चे खरे कर्तृत्व मेंदू जोडण्यात जेवढे होते त्याहून अधिक या पाती वाटण्यात होते. कोणते गणित कसे तोडावे, कोणाचे उत्तर कोणाला कधी पोचवावे, हे सांगणारी आज्ञावली लिहिणारी माणसे लागत होती. ती बाजारात मिळत नव्हती, ती घडवावी लागली. येथून पुढे डॉ. भटकरांची संस्था यंत्र बांधणारी राहिली तशीच शिकवणारी झाली. १९९० च्या दशकातच सी-डॅकने आपली प्रशिक्षण शाळा काढली. पदवीधर मुलांना सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत प्रगत संगणनाचे शिक्षण द्यायचे, असा तो अभ्यासक्रम. पुण्यात खोली भाड्याने घेऊन, डबा लावून हा अभ्यासक्रम केलेली खेड्यांतली कितीतरी मुले मला ठाऊक आहेत. त्यांतली बहुतेक परत गावी गेली नाहीत हेही खरे.

महासंगणकाचे आपल्याला काय

हा प्रश्न रास्त आहे. उत्तर पावसात आहे.

हवामानाचा अंदाज करताना सगळ्या पृथ्वीवर चौकटींचे जाळे टाकतात. प्रत्येक चौकटीत वाऱ्याचा वेग, उष्णता, दमटपणा, हवेचा दाब मांडतात आणि पुढच्या काही मिनिटांत काय होईल याचे गणित करतात. एका चौकटीतला वारा शेजारच्या चौकटीत जातो, म्हणून प्रत्येक चौकटीचे उत्तर शेजारच्या चौकटीला द्यावे लागते. पुन्हा तेच गणित. असे करत दहा दिवस पुढे जायचे. खुरपणीच्या पातींसारख्या चौकटी मेंदूंमध्ये वाटून देतात.

चौकट मोठी असेल तर तिच्या आतले काही दिसत नाही. तुम्ही म्हणता, "रेडिओने पाऊस सांगितला, ओढ्यापलीकडे पडला, आमच्याकडे थेंब नाही." अंदाज मांडणाऱ्यालाही तुमचा ओढा दिसत नव्हता. चौकटीची बाजू निम्मी केली तर तेवढ्याच क्षेत्रात चार चौकटी येतात आणि वेळेचे टप्पेही निम्मे करावे लागतात, म्हणजे काम साधारण आठपट होते. म्हणून मोठा संगणक लागतो. पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तेथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' हा महासंगणक बसला तेव्हा चौकट १२ किलोमीटरची झाली. २०२४ मध्ये त्याच संस्थेला 'अर्क' मिळाला आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. सहा किलोमीटर म्हणजे दोन-तीन गावांचे शिवार. ओढा अजून दिसत नाहीच. पण पूर्वी तालुका दिसत होता.

ही सारी यंत्रे सी-डॅकने बांधली असे मला म्हणायचे नाही, यांतली काही परदेशी कंपन्यांनी बांधलेली आहेत. 'परम'चे कूळ मात्र चालू राहिले. 'परम १००००' १९९८ मध्ये, 'परम पद्म' २००३ मध्ये आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या तीन 'परम रुद्र' संगणकांपैकी एक आपल्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी पुण्यात आहे. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराला जाताना त्या तबकड्या आपण पाहतोच.

मराठी पडद्यावर कशी आली

सी-डॅकचे दुसरे काम मला महासंगणकाइतकेच मोठे वाटते. कदाचित मोठेच. आयआयटी कानपूरला भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम सुरू झाले होते. ते मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी पुण्यात घेऊन आले आणि 'जिस्ट' नावाने वाढवले. संगणकात एक कार्ड बसवले की पडद्यावर देवनागरी अक्षरे उमटत. अक्षरांच्या संकेतांचे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले. कळफलक असा आखला की मराठीचा 'क' जिथे, तिथेच कन्नडचा आणि बंगालीचाही 'क'.

याचा संबंध आपल्या सातबाऱ्याशी आहे. जी भाषा संगणकाला लिहिता येत नाही तिच्यात तलाठ्याचे दप्तर उतरणार कसे? २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि पीक कोणते ते शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवायचे झाले. या नोंदी मराठीत होतात हे आपण इतके गृहीत धरतो की कधीकाळी हे अशक्य होते हे नव्या पिढीला सांगूनही पटत नाही. आणि गंमत पाहा, सगळे मराठीत असूनही दर हंगामात गावात एकच पोरगा वीस जणांची पीक पाहणी करून देत असतो. बाकीच्यांचा मोबाईल त्याच्या हातात.

माझी चूक

आता माझ्याबद्दल थोडे. मी १९८६ मध्ये पुण्यात शिकवू लागलो. आमची पिढी प्रा. राजारामन यांच्या पुस्तकांवर वाढली. पुणे विद्यापीठात तेव्हा प्रा. हरी सहस्रबुद्धे यांच्यासारखे, कानपूरला शिकवून आलेले शिक्षक होते. आमच्या महाविद्यालयात मात्र संगणकाची खोली म्हणजे देवघर. बाहेर चपला काढायच्या, आत थंड हवा आणि मुलांनी लांबून पाहायचे. कळफलकाला हात लावायचा तास आठवड्यातून एक, तोही तिघांत मिळून. मी इंग्रजीतून शिकवत असे, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि खरे सांगायचे तर इंग्रजीतून शिकवले की मलाच मोठे वाटे.

जुन्नरकडचा एक मुलगा होता. शेवटच्या बाकावर बसे, कधी बोलत नसे, दोनदा नापास झाला. वसतिगृहात पाण्याची मोटर जळाली तेव्हा त्याने स्टार्टर उघडून अर्ध्या तासात दोष काढला. मी तिथे उभा होतो. ओव्हरलोड रिले कसा काम करतो हे त्याने मला साध्या मराठीत सांगितले. ते नियंत्रणशास्त्राचेच व्याख्यान होते आणि माझ्या व्याख्यानापेक्षा स्वच्छ होते. त्याच विषयात मी त्याला नापास केले होते. पुढच्या वर्षी त्याने महाविद्यालय सोडले. त्यानंतर मी वर्गात दारे धरणारा गडी, खुरपणी आणि स्टार्टर आणू लागलो. त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही.

म्हणूनच डॉ. भटकरांच्या कामातला शेवटचा टप्पा मला जवळचा वाटतो. महासंगणक करणारा माणूस निवृत्तीला येताना आणखी मोठ्या संगणकाच्या मागे लागला असता तर कोणी नाव ठेवले नसते. त्यांनी शिक्षण घराघरांत नेण्याची भाषा सुरू केली. हिंजवडीला त्यांनी माहिती तंत्रज्ञानाची शिक्षणसंस्था उभारली. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले. त्याला त्यांचे मार्गदर्शन लाभले. त्याचे काम विवेक सावंत यांनी उभे केले. एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्यातून आला. तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडजवळच्या दोन खोल्यांत, मराठीतून आणि प्रत्येकाला स्वतंत्र संगणक देऊन शिकवणारी केंद्रे निघाली. लाखो मुलामुलींनी त्यांत पहिल्यांदा माऊस धरला. नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र लागते म्हणून बरेच जण गेले आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर शिकलेले विसरले, असेही झाले. पण चपला बाहेर काढायची खोली संपली. डॉ. भटकरांना पद्मश्री २००० मध्ये आणि पद्मभूषण २०१५ मध्ये मिळाले. दिल्लीच्या ज्या आयआयटीत ते शिकले तिच्या नियामक मंडळाचे ते पुढे अध्यक्षही झाले.

यंत्रमानव म्हणजे माणसासारखा दिसणारा नव्हे

यंत्रमानवाचे शिक्षण याच वाटेवर पुढचे आहे. पुण्याने ते जवळून पाहिले. आशिया-पॅसिफिक देशांतील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची रोबोकॉन ही स्पर्धा २००८ मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात झाली. यजमान आपण असल्याने विषयही आपण दिला होता – गोविंदा, म्हणजे दहीहंडी! चीन, जपान, व्हिएतनामची मुले आपापली यंत्रे घेऊन हंडीतले लोणी काढायला आली होती. २०१४ मध्ये ही स्पर्धा पुन्हा पुण्यात भरली. देशातल्या संघांची निवड फेरीही कित्येक वर्षे पुण्यातच होत असे. आमची मुले त्यासाठी रात्री जागत, मोटारी जाळत, पुन्हा गुंडाळून आणत. वर्गात न बोलणारी मुले तिथे बोलत.

यंत्रमानव म्हणजे तरी काय? पुन्हा दारे धरणारा गडीच. पाहणारा भाग, ठरवणारा भाग आणि करणारा भाग. माझ्या भावाच्या बांधावरची पेटी हा एक यंत्रमानवच आहे, फक्त त्याला पाय नाहीत. फवारणीचा ड्रोन हा उडणारा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने यांच्या साहाय्याने डिजिटल शेती या विषयावर खास प्रकल्प झाला आहे. परभणीकडचे शेतकरी आले असतील तर त्यांनी तेथे जाऊन पाहिले असेलच.

ड्रोनबद्दल बरेच जण विचारतात म्हणून थोडे सांगतो. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन साधारण एका एकराला एक टाकी पाणी वापरतो. पाठीवरच्या पंपाला याच्या कितीतरी पट पाणी लागते. म्हणजे ड्रोनचे द्रावण तीव्र असते. त्यामुळे वारा असताना उडवला तर शेजाऱ्याच्या पिकावर आणि मधमाश्यांवर संकट येते. २०२१ च्या नियमांनुसार ड्रोन चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागते, त्यासाठी वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास असावे लागते. महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना २०२३ मध्ये जाहीर झाली. देशभरात १५,००० गट आणि ८० टक्क्यांपर्यंत अनुदान. ड्रोन मिळालेल्या भगिनींना माझी एकच विनंती आहे की उडवण्याबरोबर बॅटरीची निगा, पंख्यांचा समतोल आणि नोझलची तपासणी हेही शिकून घ्या.

ओलाव्याच्या सेन्सरबद्दलही सांगितलेच पाहिजे, कारण फसगत तिथेच होते. स्वस्तातले, दोन उघड्या सळयांचे सेन्सर मातीत गंजतात. क्षारयुक्त जमिनीत ते चुकीचे, जास्त ओलसर आकडे दाखवतात. सळया झाकलेले, धारणशक्तीवर चालणारे सेन्सर त्यामानाने बरे. कोणताही घेतला तरी तो मुळांच्या जोमाच्या थरात, ड्रिपरच्या अगदी खाली न बसवता थोडा बाजूला बसवावा. काळ्या जमिनीला भेगा पडल्या की मातीचा आणि सेन्सरचा स्पर्श सुटतो, मग आकड्याला अर्थ राहत नाही. कंपनीने घालून दिलेले आकडे तसेच न ठेवता आपल्या मातीचे काढावेत. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी एक आकडा आणि झाड पाणी मागू लागते तेव्हाचा दुसरा, असे दोन वहीत लिहावेत. व्हॉल्व्ह उघडण्याची खूण आणि बंद करण्याची खूण यांत अंतर ठेवावे, नाहीतर व्हॉल्व्ह दिवसभर उघडझाप करत राहील. आणि खालचा सेन्सर पूर्ण ओला होईपर्यंत पाणी चालू ठेवू नये. वरचे पाणी खाली उतरायचे बाकी असते. सरीच्या शेवटाला पाणी दिसण्याची वाट पाहणारा नवखा गडी आठवावा.

मुलांना हे कुठे शिकवायचे, असे एका मातेने मघाशी चिठ्ठीवर लिहून विचारले आहे. २०१६ पासून केंद्र शासनाच्या अटल टिंकरिंग लॅब शाळांतून उभ्या राहिल्या. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान आणि सहावी ते बारावीच्या मुलांसाठी सेन्सर, छोट्या मोटारी आणि जोडणीचे सामान, असे तिचे स्वरूप. आपल्या शाळेत ती असेल तर मुख्याध्यापकांना विचारा की खोलीची किल्ली कोणाकडे असते आणि खोली आठवड्यातून किती तास उघडते. हे मी अनुभवाने सांगतो. सामान नवे कोरे कपाटात असलेल्या शाळा मी पाहिल्या आहेत. लॅब नसेल तर काही शे रुपयांत एक छोटा नियंत्रक, एक सेन्सर आणि एक लहान पंप येतो, त्यावर कुंडीतल्या रोपाला पाणी देणारे यंत्र होते. दहावीनंतर आयटीआय आणि तंत्रनिकेतन आहे. बारावीनंतर कृषी अभियांत्रिकीची पदवी राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांत आहे. इंग्रजी कच्चे आहे म्हणून मागे राहू देऊ नका. ते मागाहून येते.

माझ्या पुतणीने आता तंत्रनिकेतनात प्रवेश घेतला आहे. भावाने पेटीवर झाकण बसवले आहे आणि वायर पाइपातून घेतली आहे. मराठीत चार ओळी लिहून पुतणीने त्या झाकणाच्या आतून चिकटवल्या आहेत. पेटी बंद पडली तर आधी काय पाहायचे, मग काय. या हंगामात एकदा ती बंद पडली तेव्हा ती पुण्यात होती. भावाने वाचून चालू केली.

बाहेर मांडवात उजव्या हाताच्या टेबलावर दोन कुंड्या ठेवल्या आहेत, एक कोरडी आणि एक ओली, आणि मधे अशीच एक उघडी पेटी आहे. माझे दोन जुने विद्यार्थी तिथे संध्याकाळपर्यंत आहेत. सेन्सर या कुंडीतून काढून त्या कुंडीत खोवून पाहा, वायर ओढून पाहा. तुटली तर ती जोडायची कशी तेही ते दाखवतील.